गव्हाच्या घरातील नात

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून धान्याचा व्यापार आहे. बार्शीच्या बाजारपेठेत आजोबांनी भुसार मालाची आडत सुरू केली, वडिलांनी ती वाढविली आणि आज माझे थोरले बंधू व माझा मुलगा ती चालवितात. मी एम.कॉम. होऊन बँकेच्या नोकरीत गेलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त होऊन पुन्हा त्याच वाड्यात राहावयास आलो. तूर, हरभरा, ज्वारी हा माल हंगामाप्रमाणे येतो-जातो. गहू मात्र आमच्या गोदामात बारा महिने असतो. अशा घरात जन्मलेल्या माझ्या नातीला गव्हाचा एक घासही सोसत नाही, हे समजावयास आम्हाला दोन वर्षे लागली. त्यांतील काही महिने केवळ माझ्या हट्टापायी गेले. हे लिहू नये असे घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे मत होते. त्याविषयी पुढे सांगतो.

नात तेव्हा आठ वर्षांची होती. जेवण झाले की पोट फुगे आणि बेंबीच्या आसपास दुखे. महिन्यातून आठ-दहा दिवस शौचास पातळ होई, मग चार दिवस ठीक. चेहरा पांढरा पडलेला आणि चिडचिड फार. पहिल्या वर्षी आम्ही जंतांचे औषध दोनदा दिले. हिमोग्लोबिन 7.8 निघाले म्हणून लोहाचे टॉनिक सुरू केले. सहा महिने बाटल्यांमागून बाटल्या संपल्या आणि आकडा जेमतेम आठावर गेला. शाळेच्या भीतीने दुखत असेल, असे मी म्हणालो. हिने दृष्ट काढली. ओव्याचे पाणी, डाळिंबाची साल, शेजारणीने दिलेली पुडी, सर्व झाले. एका जून महिन्यात सूनबाई सहज म्हणाली, "अण्णा, यंदाही गणवेश घ्यावा लागणार नाही, दुसरीतला स्कर्ट अजून बसतो." व्यापारी घरात वाचलेला पैसा कानाला गोडच लागतो. मीही मान डोलावली. दोन वर्षांत मुलीचा स्कर्ट आखूड होत नाही याचा अर्थ काय, हे आयुष्यभर ताळेबंद वाचलेल्या माझ्यासारख्या माणसाला कळले नाही.

ते कळले पुण्यातील बालरोग व पचनसंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना, आणि तेही पहिल्या दहा मिनिटांत. त्यांनी पोट नंतर तपासले, आधी उंची आणि वजन घेतले. वजन 19 किलो. मग मागील नोंदी मागितल्या. लसीकरणाच्या जुन्या कार्डावर सूनबाईने उंची-वजन लिहून ठेवले होते, ते त्यांनी आलेखावर मांडून दाखविले. सहाव्या वर्षापर्यंत रेघ चढत होती, नंतर आडवी झाली होती.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मुलांचे पोट वारंवार दुखते त्यातील बहुतेकांना आत कोणताही मोठा आजार नसतो. त्यांना दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी, लागत नाही. पण काही खुणा दिसल्या तर थांबू नये. वाढ खुंटणे, वजन घटणे, टॉनिकाला दाद न देणारा पंडुरोग, घास गिळताना अडकणे, उलटीतून रक्त किंवा काळी शौचास होणे, झोपेतून उठविणारी वेदना, सतत उलट्या, या त्या खुणा. आमच्या नातीत दोन तर उघड होत्या. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या पदार्थाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये त्यात मोजतात. त्याबरोबर एकूण आयजीए हे प्रथिनही मोजण्यास सांगितले, कारण काही मुलांत तेच मुळात कमी असते आणि मग पहिला आकडा फसवा निघतो.

आठवड्याने अहवाल आला. आयजीए व्यवस्थित होते आणि प्रतिद्रव्ये सामान्य मर्यादेच्या सुमारे तिप्पट. सिलिअॅक नावाच्या रोगाचा दाट संशय होता. या रोगात गहू, जव व राय यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. प्रतिद्रव्ये मर्यादेच्या दहापट असती आणि दुसऱ्या नमुन्यातील आणखी एक तपासणी जुळली असती, तर युरोपातील बालरोगतज्ज्ञ काही मुलांत दुर्बिणीवाचूनही निदान करतात, हे त्यांनी आपणहून सांगितले. "तुमच्या नातीचा आकडा तेवढा नाही. मला आत पाहावे लागेल आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तांदळाच्या कणीएवढे पाच-सहा तुकडे घ्यावे लागतील," त्या म्हणाल्या. निघताना दाराशी येऊन त्यांनी पुन्हा बजावले, "तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका."

हे शेवटचे वाक्य मी ऐकले होते. सूनबाईनेही ऐकले होते.

घरी आल्यावर बैठक बसली. आठ वर्षांच्या मुलीच्या घशातून नळी घालावयाची, भूल द्यावयाची आणि आतून मांस तोडून घ्यावयाचे, या कल्पनेनेच हिच्या डोळ्यांत पाणी आले. बंधू म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. मुलगा गप्प होता. गव्हाच्या खरेदीचे ते ऐन दिवस, त्याचा फोन थांबत नव्हता. सूनबाई एकटीच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तर करून टाकू." पण आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. बँकेत राहिलेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस, अशी घरच्यांची समजूत, आणि ती मी कधी खोडून काढली नाही.

मी पंधरा दिवस वाचन केले. गहू सोडला की हा रोग आटोक्यात येतो, एवढे त्यातून मला उमगले. मग मनाशी सरळ हिशेब मांडला. उपाय एकच आहे आणि तो बिनखर्चाचा, बिनधोक्याचा आहे; तर मुलीला छळावयाचे कशाला? मी पोळी बंद करावयास सांगितली. सूनबाईने डॉक्टरीणबाईंच्या शब्दांची आठवण करून दिली. मी उत्तरलो, "गुण आला की तेच निदान."

गुण आला. तीन आठवड्यांत पोटदुखी कमी झाली, शौचास बांधून होऊ लागली, मुलगी हसू-खेळू लागली. सात आठवड्यांनी मी काहीशा विजयी मुद्रेने तिला घेऊन पुण्यास गेलो. डॉक्टरीणबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "गहू कधीपासून बंद आहे?" मी तारीख सांगितली. त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

त्यांनी जे समजाविले ते माझ्या शब्दांत देतो. गहू थांबला की आतडे भरून येऊ लागते. आता दुर्बीण घातली तर ते कदाचित बरे दिसेल, तुकड्यांत काही सापडणार नाही आणि रक्तातील आकडाही उतरलेला असेल. मग रोग होता की नव्हता हे कोण सांगणार? गहू सोडून बरे वाटणारी माणसे अनेक असतात. त्या सर्वांना हा रोग नसतो. आणि हा रोग असेल तर पथ्य महिन्या-दोन महिन्यांचे नाही, जन्माचे आहे. त्यांनी नातीकडे पाहून म्हटले, "आज तुम्ही हिच्या ताटावर लक्ष ठेवाल. उद्या ही शिकावयास वसतिगृहात राहील, पुढे दुसऱ्या घरी जाईल. तेव्हा कोणी विचारील, तुला गहू चालत नाही हे कोणी ठरविले? तर 'माझ्या आजोबांना तसे वाटले' असे उत्तर द्यावयाचे का?" मी निरुत्तर झालो.

मार्ग एकच होता. तिला पुन्हा गहू द्यावयाचा. रोज किमान दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे, आणि मग तपासणी.

परतताना गाडीत मला एका डच डॉक्टरांची हकीगत आठवत होती. त्याच पंधरा दिवसांत ती वाचनात आली होती. विलेम डिके हे हेग येथील मुलांच्या रुग्णालयात काम करीत. सिलिअॅकच्या मुलांना पिठाचे पदार्थ बाधतात असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि लोक उपाशी असताना ही आजारी मुले सुधारू लागली. पुढे पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. 1950 मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. वाचताना मला ती कथा फार रंजक वाटली होती. आता तोच पाव माझ्या घरी परत यावयाचा होता आणि तो माझ्या हाताने.

ती सात आठवड्यांची कामगिरी मी सूनबाईकडे सोपविली नाही. ज्याची चूक त्याने ती निस्तरावी, म्हणून रोज सायंकाळी सूर्यास्तापूर्वी मीच नातीला घेऊन जेवावयास बसे. पहिले चार दिवस ती आनंदाने पोळी खाई. तिला ती आवडतेच. पाचव्या-सहाव्या दिवशी पोट फुगले. दहाव्या दिवशी तिने पोळीचा तुकडा हातात धरून विचारले, "आजोबा, हिच्यानेच दुखते ना?" मी हो म्हणालो. "मग तुम्ही का देता?" मी तिला परखीची गोष्ट सांगितली. आमच्या दुकानात पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढावयाची टोकदार पोकळ नळी असते, तिला परखी म्हणतात. नातीने ती शेकडो वेळा पाहिली आहे. पोत्याच्या तोंडाशी माल चांगला दिसतो, आत कीड आहे का हे परखीवाचून कळत नाही. पण पोते रिकामे करून झाडून ठेवल्यावर परखी घालून उपयोग काय? तिला ते पटले असावे. तिने पोळी खाल्ली. रात्री कितीदा तरी तिच्या कण्हण्याने मला जाग आली. निजलेल्या मुलीच्या पोटावर हात फिरवीत बसण्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हते.

परखीची गोष्ट मी तिला सांगितली; स्वतःला मात्र एक वेगळी गोष्ट आठवत होती, ती घरात कोणास ठाऊक नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात गहाण मालाची तपासणी हे माझे काम होते. व्यापाऱ्याने दर महिन्याला साठ्याचे पत्रक द्यावयाचे आणि अधिकाऱ्याने गोदामात जाऊन पोती मोजावयाची. एका गोदामात छतापर्यंत थप्पी होती. बाहेरच्या रांगा मोजल्या, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केला, आकडा पत्रकाशी जुळला आणि मी सही केली. वर चढून पाहणे जिवावर आले होते. पुढे कळले, थप्पी आतून पोकळ होती. ती सही मला पुढील दोन बढत्यांपर्यंत पुरली. त्यानंतर तीस वर्षे कनिष्ठांना मी एकच सांगत आलो, वर चढून आत डोकावल्याखेरीज सही करू नका. आणि घरच्या बाबतीत मात्र बाहेरूनच गुणाकार करून मोकळा झालो होतो.

जुलैच्या अखेरीस तपासणीचा दिवस ठरला. सकाळी नऊची वेळ. आदल्या रात्रीपासून खावयाचे नाही. साधे पाणी तपासणीपूर्वी दोन तासांपर्यंत चालेल, अशी सूचना होती. पोट रिकामे नसेल तर भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उपाशी राहण्याची आम्हाला भीती नव्हती. पर्युषणात एक पूर्ण उपवास केलेली ती मुलगी. तिनेच डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितले, "माझा चौविहार आहे." त्यांनी तो शब्द समजून घेतला आणि सांगितले की सकाळी सात वाजेपर्यंत दोन घोट पाणी पिणे तिच्यासाठी बरे, एवढे ऐकावयाचे. तिने ऐकले.

भूलतज्ज्ञांनी आधी सर्दी-खोकला, दमा, औषधांची वावडी विचारली. मग विचारले, "दात हलतो का?" आठव्या वर्षी कोणाचा दात हलत नाही! तोंडातून नळी जाताना हलणारा दात निखळून घशात जाऊ नये म्हणून ते पाहून ठेवतात. नातीने अभिमानाने खालचा दात हलवून दाखविला. भीती मोठ्यांना असते, मुलांना कुतूहल. नळी केवढी, हे तिनेच विचारले. अगदी तान्ह्या बाळांसाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते. तिच्याएवढ्या मुलांना मोठ्यांची, सुमारे नऊ मिलिमीटरची नळीही चालते. तिने आपली करंगळी पुढे करून पाहिली आणि तिचे समाधान झाले.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मी धोके विचारले, आणि हे प्रत्येकाने विचारावे. भुलेचा थोडा धोका, तुकडा घेतल्या जागी क्वचित रक्तस्राव, फार क्वचित आतड्यास छिद्र. घसा एखादा दिवस खवखवणे मात्र नेहमीचे. संमतीची सही माझ्या मुलाने केली. लेखणी देताना त्याचा हात थरथरत होता, आणि त्याचे ओठ किती फिकट आहेत हे तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले. पण ती वेळ त्या विचाराची नव्हती.

बाहेर बाकावर बसलो असता एका दोन वर्षांच्या मुलाला धावतच आत नेले. त्याने खेळण्यातील बटनासारखा चपटा सेल गिळला होता आणि तो अन्ननलिकेत अडकला होता. अशा वेळी दुर्बिणीने तो तातडीने काढतात, कारण अडकलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकतो. आपल्यापैकी अनेकांची खेळण्यांची, घड्याळांची, इलेक्ट्रिकची दुकाने आहेत आणि मुले गल्ल्यामागे खेळत असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मनाला गुंतवून ठेवण्यासाठी मी मुलाला नळीचा इतिहास सांगत होतो. त्याचे लक्ष नव्हते, पण मला बोलणे भाग होते. 1868 मध्ये कुसमॉल नावाच्या जर्मन वैद्याने जठरात डोकावण्यासाठी ताठ नळी वापरली तेव्हा ती गिळण्यास त्याने तलवारी गिळणारा खेळकरी गाठला होता. इतरांना ते साधणारे नव्हते. लवचीक नळी यावयास पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. 1954 मध्ये पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे ब्रिटिश प्राध्यापक हॉपकिन्स यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून वाकड्या मार्गानेही प्रतिमा नेता येते, हे दाखविले. ते वाचून अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी तशी दुर्बीण तयार केली आणि 1957 मध्ये ती प्रथम स्वतःच्या घशात घालून पाहिली. आता तंतूंच्या जागी टोकाशी चिमुकला कॅमेरा असतो. माझे एवढे सांगून होते न होते तोच दार उघडले. सारे वीस मिनिटांत आटोपले होते आणि त्यांपैकी दुर्बीण आत होती ती जेमतेम दहा-बारा मिनिटे.

नात अर्धवट गुंगीत होती. पहिला प्रश्न, "दात आहे ना?" दात होता.

डॉक्टरीणबाईंनी छायाचित्रे दाखविली. अन्ननलिका स्वच्छ, जठर गुलाबी. त्यापुढील भागाच्या घड्यांच्या कडा मात्र करवतीसारख्या दातेरी दिसत होत्या. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूस टर्किश टॉवेलाप्रमाणे बारीक लव असते, तीच अन्नातील सार शोषून घेते. आठ दिवसांनी तुकड्यांचा अहवाल आला, त्यात ती लव जवळजवळ सपाट झाल्याचे लिहिले होते. टॉवेल झिजून धोतर झाला होता. लोहाच्या इतक्या बाटल्या कोठे गेल्या, याचे उत्तर त्या एका कागदात होते. शोषून घेणारे काही उरलेच नव्हते.

त्या दिवसापासून गहू बंद झाला, आणि या वेळी कागद हातात ठेवून.

वाटले होते, पोळीऐवजी भाकरी, संपला प्रश्न. हिच्या हाताला शाळूच्या भाकरीची सवय आहे; आमच्या लहानपणी तेच रोजचे अन्न होते आणि पोळी सणावारी. पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून दळलेल्या ज्वारीत त्याचे पीठ येतेच. तेव्हा घरघंटी घेतली, तिच्यावर तांबड्या अक्षरांत "गहू नाही" असे नातीने लिहिले. पोळपाट-लाटणे, तवा, चाळणी वेगळी केली. इतके करूनही तीन महिन्यांनी रक्तातील आकडा हवा तेवढा उतरेना. डॉक्टरीणबाईंच्या आहारतज्ज्ञांनी स्वयंपाकघरातील एक-एक डबा फोनवर वाचावयास लावला आणि हिंगाच्या डबीशी थांबविले. बाजारातील बांधणीचा हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत फोडणी हिंगावाचून होत नाही, म्हणजे मुलीच्या आमटीत रोज चिमूटभर गहू पडत होता! डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत, हे आयुष्यभर करारनामे वाचलेल्या मला सुचले नव्हते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणला. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. आज हिमोग्लोबिन साडेअकरा आहे, आणि दिवाळीनंतर गणवेश नवा शिवावा लागला. त्याचे बिल मी जपून ठेवले आहे.

आता त्या विरोधाविषयी. वहिनींचे म्हणणे होते, "भाऊजी, मुलीची जात आहे. घरातच राहू द्या. उद्या सोयरीक जुळविताना लोक दहा शंका काढतील." वहिनींना मी दोष देत नाही. आपल्या समाजात वधूच्या चष्म्याचा नंबरही दबक्या आवाजात सांगतात, हे त्यांनी पाहिले आहे. पण लपवावयाचे म्हणजे काय करावयाचे? गेल्या पर्युषणानंतर स्वामीवात्सल्याच्या पंगतीत वाढणाऱ्यांनी आग्रहाने तिच्या ताटात लापशी वाढली. बरोबर गेलेल्या आजीला "हिला चालत नाही" एवढेही चारचौघांत म्हणवेना, ती म्हणाली, "थोडी खा, प्रसाद आहे." मुलीने ऐकले. तीन दिवस ती शाळेत जाऊ शकली नाही. त्यानंतर हिनेच स्थानकातील भगिनींना सर्व सांगितले आणि पुढच्या वेळी तांदळाच्या खिरीचे पातेले वेगळे आले. वहिनी अजूनही पूर्ण राजी नाहीत. हा लेख त्यांना वाचून दाखविला आहे. नातीचे नाव लिहू नका, एवढीच अट त्यांनी घातली. ती मी पाळली आहे.

काही जण विचारतात, हिने गव्हाचा जन्माचा नियम घेतला असे समजावे काय? तसे समजू नये असे मला वाटते. नियम आपण आपल्या इच्छेने घेतो, त्यात पुण्य आहे. हिच्यावर तो शरीराने लादला आहे. उगाच गौरव केला तर एखाद्या दिवशी चुकून घास गेला की तिला आजाराबरोबर पापाचीही भीती वाटेल.

एक गोष्ट राहिली. हा रोग रक्ताच्या नात्यांत आढळतो, म्हणून आई-वडील व भावंडांचीही रक्ततपासणी करावी असे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. सूनबाईची आणि धाकट्या नातवाची लगेच झाली, दोघेही निर्दोष. मुलाने मात्र आज-उद्या करीत सहा महिने काढले. गव्हाचे सौदे करणाऱ्याला गहू बाधतो असे निघाले तर बाजारात हसे होईल, असे तो विनोदाने म्हणे. तो विनोद नव्हता. त्याचे तोंड वरचेवर येते, थकवा असतो, आणि ते फिकट ओठ मी त्या दिवशी पाहिले होते. जानेवारीत अखेर रक्त दिले. प्रतिद्रव्ये मर्यादेच्या चौपट निघाली. दुर्बिणीचे नाव काढताच उत्तर आले, "तुरीचा हंगाम होऊन जाऊ द्या, अण्णा. तोवर मी पोळीच सोडतो."

मी काही बोलणार तोच नात म्हणाली, "बाबा, पोळी सोडायची नाही. आजोबांनी सोडायला लावली होती, मग मला परत खावी लागली." आणि थोड्या वेळाने, "काही होत नाही. नुसती झोप लागते. तुमचा दात हलतो का?"

येत्या सोमवारी त्याची तपासणी आहे. तोपर्यंत नात रोज त्याच्या ताटाशेजारी बसून पोळ्या मोजते. काल त्याने दुसरी पोळी अर्धी टाकली, तर तिने ती उचलून पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि मोरीवर जाऊन हात साबणाने दोनदा धुऊन आली.